जुन्या भावाचा फेरफार : वर्ध्याची पेढी आणि शेअरच्या किमतीचा इतिहास

कंपनीच्या शेअरचा जुना भाव म्हणजे एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट बाजारात, त्या कंपनीच्या एका शेअरसाठी प्रत्यक्ष मोजली गेलेली रक्कम. दिवस, बाजार, शेअरचे माप आणि कंपनीचे नाव या चारही गोष्टी माहीत असल्या तरच त्या रकमेला अर्थ येतो. त्यांतली एक जरी सुटली, तरी भाव नुसता आकडा उरतो आणि त्या आकड्यावरून काढलेला नफा-तोटा चुकतो. जुना भाव असा नीट वाचण्याची सवय व्यापाराला हळूहळू लागली. वर्धा जिल्ह्यात ती वाटचाल दोन टप्प्यांत दिसते. पहिला टप्पा कापसाच्या भावाचा आहे. दुसरा वर्ध्याच्या एका पेढीतून उभ्या राहिलेल्या कंपन्यांच्या शेअरचा.

खंडी, क्विंटल आणि रुई

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले गेले आणि ठाणे तिथे आले. हिंगणघाटची कापसाची पेठ त्याच्याही आधीची. तिथला ‘बनी’ जातीचा कापूस मुंबईच्या बाजारात ‘हिंगणघाट’ या नावानेच ओळखला जाई. भाव बोलताना एवढे नाव पुरेसे असे, कारण नावातच प्रत कळत असे.

मापाचे मात्र तसे नव्हते. मुंबईत रुईचा भाव खंडीवर बोलला जाई आणि ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५५.६ किलोची. आजही जिनिंग-प्रेसिंगवाले आणि गिरण्या रुईचा सौदा याच खंडीवर करतात. शेतकरी बाजार समितीत कापूस विकतो तो क्विंटलवर, आणि तोही सरकीसकट. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी असते. त्यामुळे जुन्या वहीतला खंडीचा भाव आणि आजचा क्विंटलचा भाव शेजारी मांडून महागाई मोजता येत नाही. आधी वजन सारखे करावे लागते, मग वस्तू सारखी करावी लागते. शेअरच्या जुन्या भावाचे वाचनही याच दोन पायऱ्यांनी होते.

१८६५ : ठरलेला भाव आणि हाती आलेला पैसा

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस अडला. हिंदुस्थानच्या कापसाला कधी नव्हे अशी मागणी आली. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. युद्धाच्या काळात वर्धा खोऱ्यातला माल निदान काही मजल तरी बैलगाड्यांवरच जात होता. कापसाचा पैसा मुंबईत साचला आणि तिथून तो नव्या बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये शिरला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी बोलला जाऊ लागला. मुंबईचे दलाल प्रेमचंद रायचंद यांचे नाव या तेजीशी कायमचे जोडले गेले.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. कापूस उतरला आणि शेअरही कोसळले. त्या काळातले बरेचसे सौदे वायद्याचे होते. ठरलेल्या भावाने १ जुलै १८६५ रोजी पैसे मोजून शेअर उचलायचे होते. तो दिवस उजाडला तेव्हा पैसे मोजायला फारसे कोणी उरले नव्हते. तेजीत मोठी कर्जे दिलेली जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

त्या वर्षांचे भाव वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे, वायद्यात बोललेला उच्चांकी भाव बऱ्याच वेळा कोणाच्याच हाती पडलेला नसतो. दुसरी म्हणजे, त्या काळी शेअरची पूर्ण रक्कम एकदम भरली जात नसे. काही हप्ते भरलेले असत आणि उरलेले कंपनी मागेल तेव्हा भरायचे असत. म्हणून त्या शेअरचा भाव वाचताना दर्शनी किंमत किती आणि भरणा किती झाला, हे दोन्ही पाहावे लागते. या अनुभवानंतर दलालांना नियमांची गरज पटली आणि १८७५ साली मुंबईत त्यांची संघटना उभी राहिली. मुंबई शेअर बाजार तिच्यातूनच वाढला.

गिरण्या : यादीतून गळलेली नावे

जमशेटजी टाटा यांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापली. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात तिची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस पिकतो त्या मुलखातच गिरणी काढायची, हा त्यामागचा विचार होता आणि हा मुलूख म्हणजे नागपूर-वर्ध्याचाच. पुढच्या काही दशकांत हिंगणघाट आणि पुलगाव इथेही गिरण्या उभ्या राहिल्या. कापसाच्या व्यापाराशी बांधलेल्या मुलखाला कंपनी, भागभांडवल आणि लाभांश हे शब्द ओळखीचे झाले.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांच्या हातून गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. पुलगावची गिरणीही पुढे बंद पडली. आजच्या यादीतल्या कंपन्यांचे जुने भाव पाहून ‘पन्नास वर्षांपूर्वी पैसे गुंतवणारे सगळेच तरले’ असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा ही नावे हिशेबात येत नाहीत, कारण बुडालेली आणि मिटलेली कंपनी यादीतूनच गळते. उरलेल्यांच्या भावावरून काढलेली सरासरी त्यामुळे नेहमी खऱ्यापेक्षा गोड येते. जुन्या भावांचा अभ्यास प्रामाणिक करायचा तर त्या काळची यादी त्या काळच्या नावांनीच घ्यावी लागते.

बच्छराजांची पेढी

जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ साली राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या गावी झाला. लहानपणीच वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घराण्यात ते नातू म्हणून दत्तक आले. १९०७ मध्ये बच्छराज वारले आणि ऐन तारुण्यात पेढीचा कारभार जमनालालांकडे आला. कापूस आणि जिनिंग हा तिचा कणा होता. १९३१ साली त्यांनी गोला गोकर्णनाथ इथे हिंदुस्थान शुगर मिल्स काढली आणि पेढीचे पाऊल कारखानदारीत पडले. महात्मा गांधींना वर्ध्याला आणण्यात, १९२८ मध्ये इथले लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले करण्यात आणि शिक्षण संस्था उभारण्यात त्यांचा वाटा सर्वांना ठाऊक आहे. त्याच शिक्षणप्रेमाच्या वातावरणात १९४० साली वर्ध्यात वाणिज्य महाविद्यालय निघाले. व्यापाराच्या हिशेबाला या गावात शास्त्राचा दर्जा मिळाला होता. जमनालाल ११ फेब्रुवारी १९४२ रोजी गेले.

२९ नोव्हेंबर १९४५ रोजी ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी नोंदली गेली. १९४८ पासून ती दुचाकी आणि तीनचाकी वाहने आयात करून विकू लागली. १९५९ मध्ये वाहने बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. १९६० मध्ये कंपनी सार्वजनिक झाली आणि तिचे नाव बजाज ऑटो पडले. कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला उभा राहिला. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला स्कूटरचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ ही स्वतःची स्कूटर आली. जमनालालांचे थोरले चिरंजीव कमलनयन बजाज याच काळात वर्ध्याचे खासदार होते. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या.

नियंत्रणाखालचा भाव

१९४७ च्या भांडवल नियंत्रण कायद्याखाली नवे शेअर काढायला आणि ते किती किमतीला द्यायचे ते ठरवायला केंद्र सरकारच्या नियंत्रकाची मंजुरी लागत असे. हा कायदा १९९२ मध्ये रद्द झाला आणि बाजाराची देखरेख सेबी या नियामक संस्थेकडे आली. त्यामुळे १९९२ पूर्वी कंपनीने शेअर ज्या किमतीला दिला, ती किंमत बाजाराने ठरवलेली नव्हती. बाजारात उतरताच तोच शेअर बऱ्याच वेळा त्याहून चढा असे.

वर्ध्याच्या शेतकऱ्याला हा फरक कापसावरून कळतो. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. त्या वर्षांतला कापसाचा भाव हा योजनेचा भाव होता, खुल्या लिलावाचा नव्हता. एकाधिकाराच्या काळातले आणि नंतरचे आकडे एकाच रेघेत जोडले, तर ती रेघ दोन वेगळ्या गोष्टी सांगते.

बोनस, विभाजन आणि हक्कभाग

शेअरचे माप कंपनी स्वतः बदलू शकते. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत.

विभाजनात दर्शनी किंमत कमी होते आणि शेअरची संख्या त्याच प्रमाणात वाढते. ५ रुपयांचा एक शेअर १ रुपयाच्या पाच शेअरमध्ये मोडतो. बोनसमध्ये कंपनी साठवलेल्या निधीतून भागधारकाला जादा शेअर देते आणि त्यासाठी पैसे घेत नाही. या दोन्हींत भागधारकाची एकूण मालमत्ता बदलत नाही, फक्त एका शेअरचा भाव खाली येतो. हक्कभागात जादा शेअर मिळतात, पण त्यांचे पैसे भरावे लागतात. ते बाजारभावाहून स्वस्त असल्यामुळे भाव थोडा उतरतो.

बजाज घराण्याची विमा-वित्त कंपनी बजाज फिनसर्व्ह हिच्या शेअरमध्ये हे तिन्ही प्रकार झाले आहेत. २०१२ मध्ये दर दहा शेअरमागे एक शेअर ६५० रुपयांना हक्काने देऊ केला गेला. समजा, त्या आधी बाजारभाव ९०० रुपये आहे. दहा शेअरचे ९,००० आणि नव्या एका शेअरचे ६५० मिळून ९,६५० रुपये होतात. ते अकरा शेअरमध्ये वाटले की प्रत्येकी सुमारे ८७७ रुपये येतात. भाव ९०० वरून ८७७ वर आला, तर त्यात कोणाचे काही बुडालेले नसते. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच शेअरचे एकास-पाच विभाजन आणि एकास-एक बोनस एकाच वेळी झाले. एकाचे पाच झाले आणि पाचाचे दहा. १३ सप्टेंबरला, आदल्या दिवशी सतरा हजारांच्या आसपास असलेला भाव सतराशे-अठराशेच्या घरात दिसू लागला. भाव जुळवून न घेतलेल्या आलेखावर ही नव्वद टक्क्यांची घसरण दिसते. भागधारकाच्या खात्यात मात्र दसपट शेअर जमा झालेले असतात.

जुळवलेला भाव म्हणजे अशा प्रत्येक बदलानंतर मागचे सगळे भाव त्या प्रमाणात भागून घेतलेली मालिका. म्हणूनच जुळवलेल्या मालिकेत एखाद्या जुन्या दिवसासमोर जो आकडा असतो, त्या भावाने त्या दिवशी कोणीही सौदा केलेला नसतो. तो तुलनेसाठी काढलेला आकडा असतो. खरा सौद्याचा भाव हवा असेल तर न जुळवलेली नोंद पाहावी लागते.

२००८ ची वाटणी

कंपनीचेच तुकडे पडतात तेव्हा जुना भाव वाचणे सर्वांत अवघड होते. बजाज ऑटोचे तसे झाले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये विलगीकरणाची योजना मंजूर केली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ती अमलात आली. वाहनांचा धंदा एका नव्या कंपनीकडे गेला. विमा, वित्त आणि पवनऊर्जा दुसऱ्या नव्या कंपनीकडे, म्हणजे बजाज फिनसर्व्हकडे गेली. मूळ कंपनी गुंतवणुका सांभाळत मागे राहिली. जुन्या प्रत्येक शेअरमागे भागधारकाला नव्या दोन्ही कंपन्यांचा एकेक शेअर मिळाला आणि हातातला जुना शेअरही तसाच राहिला. २६ मे २००८ रोजी नव्या शेअरचे सौदे सुरू झाले.

यात नावांची अदलाबदल झाली. मूळ कंपनीने बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट हे नाव घेतले आणि बजाज ऑटो हे नाव नव्या कंपनीला दिले. म्हणजे १९४५ मध्ये बच्छराजांच्या नावाने नोंदलेली कायदेशीर कंपनी आज बजाज होल्डिंग्ज आहे. ‘बजाज ऑटो’ या नावाने आज जी मालिका दिसते ती मे २००८ पासून सुरू होते. त्या आधीचे बजाज ऑटोचे भाव बजाज होल्डिंग्जच्या मालिकेत सापडतात. हे ताडून पाहण्याची एक सोपी खूण आहे. प्रत्येक कंपनीच्या एकवीस अक्षरी ओळख क्रमांकात नोंदणीचे वर्ष असते. बजाज होल्डिंग्जच्या क्रमांकात १९४५ आहे, बजाज ऑटो आणि बजाज फिनसर्व्ह या दोघींच्या क्रमांकांत २००७.

गावाकडे जमिनीच्या बाबतीत हेच काम फेरफार करतो. आजोबांच्या नावावरचा एक सर्व्हे नंबर पोटहिश्श्यांत फुटतो, वारस चढतात, गट क्रमांक बदलतो. आजचा सातबारा एकटाच पाहिला तर आजोबांच्या शेताचे मोल कळत नाही. मधले सगळे फेरफार क्रमाने जोडावे लागतात. शेअरचेही तसेच आहे.

एक हिशेब मांडून पाहता येतो. २००७ साली कोणाकडे जुन्या बजाज ऑटोचे १०० शेअर होते. वाटणीनंतर त्याच्याकडे बजाज होल्डिंग्जचे १००, नव्या बजाज ऑटोचे १०० आणि बजाज फिनसर्व्हचे १०० शेअर झाले. सप्टेंबर २०१० मध्ये बजाज ऑटोने एकास-एक बोनस दिला, तेव्हा त्यांचे २०० झाले. फिनसर्व्हचा हक्कभाग घेतला नसेल तर २०२२ मध्ये १०० चे १,००० झाले. घेतला असेल तर ११० चे १,१०० झाले, आणि मग भरलेले ६,५०० रुपये खर्चाच्या बाजूला मांडायला हवेत. २०२२ च्या अखेरीचे मोल काढायचे तर तिन्ही कंपन्यांचे त्या दिवशीचे भाव आपापल्या संख्येने गुणून बेरीज करायची. २००७ च्या एका भावाची तुलना या बेरजेशीच होऊ शकते. एकट्या बजाज ऑटोच्या भावाशी केली तर ती फसते.

भावकॉपी

दिवसभराचे भाव अधिकृतपणे लिहिलेली बाजाराची फाइल भावकॉपी या नावाने ओळखली जाते. ‘भाव’ हा पेठेतला शब्द संगणकाच्या युगातही टिकला आहे. तिच्यात प्रत्येक शेअरसमोर त्या दिवशीचा पहिला भाव, उच्चांक, नीचांक, बंद भाव, आदल्या दिवशीचा बंद भाव, किती शेअर फिरले आणि किती रुपयांचे सौदे झाले, हे सगळे असते. राष्ट्रीय शेअर बाजारात बंद भाव हा शेवटच्या एका सौद्याचा नसतो. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची, त्यांच्या संख्येनुसार काढलेली ती सरासरी असते. त्यामुळे शेवटच्या क्षणी एखादा छोटा सौदा करून भाव वाकवता येत नाही. सौद्यांची संख्या पाहणेही तितकेच गरजेचे असते. दिवसभरात दहा शेअर फिरले असतील, तर त्या भावाने दहा हजार शेअर विकले गेले असते असे धरता येत नाही. बाजार समितीत एका गाडीला मिळालेला चढा भाव त्या दिवशीच्या सगळ्या आवकेचा भाव नसतो, तसेच हे आहे.

जुन्या भावाचा उपयोग

पहिला उपयोग परतावा मोजण्याचा. त्यात केवळ भावातली वाढ धरली तर हिशेब अपुरा राहतो, कारण मधल्या वर्षांचा लाभांश हातात आलेला असतो. तो मिळवूनच एकूण परतावा निघतो. त्या परताव्यातून महागाईही वजा करावी लागते. वर्ध्याकडे त्यासाठी घरचे माप आहे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २००७-०८ मध्ये क्विंटलला २,०३० रुपये होता, २०२२-२३ मध्ये तो ६,३८० रुपये झाला. म्हणजे या पंधरा वर्षांत ज्या शेअरने तिप्पट मोल दिले, त्याने कापसाच्या हमीभावाशी जेमतेम बरोबरी केली.

दुसरा उपयोग प्राप्तिकराचा. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेची खरेदी किंमत म्हणून त्या दिवशीचे बाजारमूल्य धरण्याची मुभा आहे. सूचीबद्ध शेअरसाठी ३१ जानेवारी २०१८ या दिवसाचा उच्चांकी भावही महत्त्वाचा ठरतो. त्या आधी घेतलेल्या शेअरची खरेदी किंमत धरताना तो भाव आणि विक्रीची किंमत यांतली कमी असलेली रक्कम घेतात. प्रत्यक्ष खर्चापेक्षा ती जास्त असेल तर तीच खरेदी किंमत मानली जाते. इथे फिनसर्व्हचे उदाहरण सावध करते. परताव्याच्या आलेखासाठी २०१८ चा भाव दहाने भागायचा असतो. करासाठी मात्र तो पाचानेच भागला जातो, कारण विभाजनातून आलेल्या पाच शेअरनाच मूळ किंमत आहे. २०२२ च्या बोनसमध्ये मिळालेल्या पाच शेअरची खरेदी किंमत शून्य धरली जाते. प्रश्न बदलला की एकाच जुन्या भावाचा भागाकारही बदलतो.

तिसरा उपयोग वारसाचा. जुन्या पेटीत शेअर प्रमाणपत्र सापडते. त्यावर कंपनीचे नाव, फोलिओ क्रमांक, प्रमाणपत्र क्रमांक, शेअरचे ‘पासून-पर्यंत’ अनुक्रमांक, दर्शनी किंमत, भरणा आणि कंपनीचा शिक्का असतो. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे विक्रीने हस्तांतर बंद आहे, म्हणून वारसाची नोंद करून शेअर डिमॅट खात्यात आणावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश उचलला गेला नसेल तर तो आणि ते शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जमा होतात. तिथे दावा करून ते परत मिळवता येतात.

या सगळ्या कामांचा क्रम एकच आहे. प्रथम कागदावरची कायदेशीर कंपनी ओळखायची आणि तिची नावे बदलली असतील तर ती जोडायची. मग दर्शनी किंमत आणि भरणा पाहायचा. त्यानंतर बोनस, विभाजन, हक्कभाग आणि विलगीकरण तारखेच्या क्रमाने मांडून आजची संख्या काढायची. शेवटी त्या-त्या दिवशीच्या भावकॉपीतला भाव लावायचा आणि लाभांश मिळवायचा. वही लिहिणाऱ्याने भाव लिहून ठेवलेला असतो. त्याचे मोल वाचणाऱ्याला काढावे लागते, आणि ते मधल्या नोंदी एकेक जोडत गेल्यावरच निघते.